अरबी–जपानी दुभाषी, आणि तोही वैद्यकीय उपकरणं जाणणारा: कुठे शोधायचा, कसा पारखायचा

अरबीतून थेट जपानीत बोलणारा आणि शिवाय वैद्यकीय उपकरणांचं काम समजणारा दुभाषी हवा, अशी मागणी पहिल्यांदा समोर आली की बहुतेकजण एजन्सीला मेल टाकतात: "अनुभवी माणूस पाठवा." मग येणाऱ्या व्यक्तीची अरबी उत्तम असते, जपानीही सुरेख असते, पण एंडोस्कोपच्या (शरीरात घालून आत पाहायच्या दुर्बिणीच्या) बायोप्सी चॅनेलचा, म्हणजे तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढायच्या मार्गाचा, विषय निघाला की गाडी अडते. किंवा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम केलेली व्यक्ती येते आणि बैठक असते बाजारपरवान्याच्या कागदपत्रांवर. दोन्ही वेळी माणूस वाईट नसतो, मागणी अपुरी असते.

हा लेख असं काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आहे. उपकरण बनवणाऱ्या कंपनीतले समन्वयक, वितरकाकडची नवी मंडळी, रुग्णालयाचा खरेदी विभाग, भाषासेवा देणाऱ्या एजन्सीत नुकतेच लागलेले लोक, सगळ्यांना तो उपयोगी पडावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. या भाषाजोडीत आणि या विषयात पूर्ण तयार माणूस क्वचित मिळतो. जवळात जवळचा माणूस शोधायचा आणि त्याला तुमच्या उपकरणासाठी तयार करायचं, हाच रस्ता आहे. ती तयारी करून घेणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, दुभाष्याची एकट्याची नाही.

पायरी १: काम नेमकं कोणतं, ते कागदावर उतरवा

"वैद्यकीय उपकरणं" या दोन शब्दांत चार-पाच अगदी वेगळी कामं लपलेली असतात.

एक, प्रशिक्षण. जपानी सर्व्हिस इंजिनिअर अरब देशातल्या रुग्णालयात जाऊन तिथल्या बायोमेडिकल इंजिनिअरना आणि परिचारिकांना यंत्र शिकवतो, किंवा तिथली तुकडी जपानमधल्या कारखान्यात येते. इथे हात चालू असतात, झाकण उघडलेलं असतं, प्रश्न मधेच येतात.

दोन, बिघाडाची चौकशी. यंत्र बंद पडलं, चुकीचं वाचन दाखवलं, रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली. अरब बाजूचे लोक घडलेलं सांगतात आणि जपानी बाजूला ते शब्दाशब्दाने हवं असतं, कारण त्यावरून अधिकृत अहवाल लिहिला जाणार असतो.

तीन, नियामक काम आणि ऑडिट. चार, व्यापारी बोलणी: वितरण हक्क, सुटे भाग, वॉरंटी, निविदा. पाच, जपानमध्ये उपचार घेणारा अरबी भाषक रुग्ण, ज्याच्या शरीरात पेसमेकर किंवा स्टेंट आहे किंवा बसवायचा आहे. हे पाचवं काम खरं तर वैद्यकीय दुभाष्याचं. तिथे संमती, गोपनीयता आणि रुग्णाची भीती हे विषय उपकरणाइतकेच मोठे असतात.

यांपैकी कोणतं काम आहे ते लिहा. त्याखाली उपकरणाचं नाव आणि मॉडेल, ठिकाण, बोलणाऱ्यांची संख्या आणि प्रश्नोत्तरं होणार की नाही हेही लिहा. शेवटचा मुद्दा विसरू नका. मागणीत "अरबीतून जपानीत" असं असलं तरी प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणजे प्रत्यक्षात काम दोन्ही दिशांनी होतं. फक्त एकाच दिशेने सराव असलेला दुभाषी तिथे कोंडीत सापडतो.

पायरी २: कोणती अरबी?

अरबी लिहायला एक आणि बोलायला अनेक. नियामक संस्थेचं पत्र, निविदा, करार हे सगळं फुस्हा म्हणजे प्रमाण अरबीत येतं. पण ऑपरेशन थिएटरबाहेर उभा राहून तंत्रज्ञ तक्रार सांगतो ती इजिप्तच्या, आखाताच्या, इराकच्या, सीरिया–लेबनॉनच्या किंवा मोरोक्को–अल्जीरियाच्या बोलीत. इजिप्शियन बोली चित्रपट आणि मालिकांमुळे सगळीकडे समजते. मोरोक्कोची बोली पूर्वेकडच्या अरबांनाही जड जाते. तेव्हा फक्त "अरबी" असं न लिहिता "बोलणारे रियाधचे" किंवा "बोलणारे कॅसाब्लांकाचे" असं लिहा.

याहून महत्त्वाची गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. इजिप्तमध्ये आणि आखाती देशांत वैद्यकीय शिक्षण मुख्यतः इंग्रजीत होतं, मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात फ्रेंचमध्ये, आणि सीरियात अरबीत. त्यामुळे काहिराचा शल्यविशारद अरबी वाक्यात इंग्रजी शब्द पेरत बोलतो आणि ट्युनिसचा फ्रेंच. दमास्कसचा डॉक्टर शुद्ध अरबी संज्ञा वापरतो. त्या इंग्रजी-फ्रेंच शब्दांच्या जागी दुभाष्याला जपानी ऐकणाऱ्यासाठी वेगळेच शब्द द्यावे लागतात. एंडोस्कोपला जपानीत "नाइशिक्यो" म्हणतात, लॅपरोस्कोपला "फुकुकूक्यो". दुसरीकडे थिएटरमधले कितीतरी रोजचे शब्द डच आणि जर्मनमधून आलेले आहेत: स्काल्पेल म्हणजे "मेसु", चिमटा म्हणजे "पिन्सेत्तो", रुग्णाची नोंद म्हणजे "कारुते". इंग्रजी शब्द जपानी उच्चारात म्हटला की झालं, असं समजणारा दुभाषी इथे अडखळतो.

म्हणून दोन भाषा पुरत नाहीत. अरबी आणि जपानी यांच्या जोडीला त्या देशाच्या वैद्यकीय शिक्षणाची भाषाही समजणारी व्यक्ती हवी.

पायरी ३: थेट की इंग्रजीमार्गे?

अरबी १९७३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची भाषा आहे, जपानी नाही. त्यामुळे परिषदांत काम करणाऱ्या अनुभवी अरबी दुभाष्यांची जोड बहुधा इंग्रजी किंवा फ्रेंचशी असते. जपानी दुभाष्यांमध्येही इंग्रजीवाले सर्वांत जास्त. थेट अरबी–जपानी करणारे मोजके, आणि त्यांतही उपकरणं जाणणारे त्याहून कमी. म्हणून एजन्सी अनेकदा रिले सुचवते: एक दुभाषी अरबीतून इंग्रजीत, दुसरा इंग्रजीतून जपानीत.

रिले म्हणजे कमअस्सल काम, असं मी मानत नाही. दोघेही विषयाचे जाणकार असतील, तर भाषणं, स्लाइडवरची सादरीकरणं आणि कारखान्याची फेरी रिलेने उत्तम होते. विषय न कळणाऱ्या थेट दुभाष्यापेक्षा जाणकारांची जोडी केव्हाही बरी. पण यंत्रावर हात ठेवून चाललेलं प्रशिक्षण, बिघाडाची चौकशी आणि रुग्णाशी बोलणं या तीन ठिकाणी थेट दुभाष्यासाठी आग्रह धरा. तिथे प्रत्येक जादा टप्प्यावर वेळ जातो आणि "नको", "आधी", "नंतर", "थोडंसं" असे बारीक शब्द गळतात. ते गळले तर इजा होऊ शकते.

रिलेच घ्यायचा ठरला, तर दोन्ही दुभाष्यांची आदल्या दिवशी तासभर गाठ घालून द्या. इंग्रजीत कोणती संज्ञा वापरायची ते दोघांनी मिळून ठरवलेलं असलं पाहिजे.

पायरी ४: शोधायचं कुठे

जपानमध्ये अरबी शिकवणाऱ्या मुख्य जागा म्हणजे टोकियो परराष्ट्र अध्ययन विद्यापीठ आणि ओसाका विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग. पूर्वीचं ओसाका परराष्ट्र अध्ययन विद्यापीठ २००७ मध्ये ओसाका विद्यापीठात विलीन झालं. जुन्या लोकांच्या माहितीपत्रकात जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका. टोकियोत रियाधच्या इमाम मुहम्मद इब्न सौद विद्यापीठाशी संलग्न अरबी संस्थाही आहे. अरब बाजूला काहिरा विद्यापीठात १९७४ पासून जपानी भाषेचा विभाग आहे, आणि ऐन शम्स विद्यापीठाच्या अल्सुन या भाषाशाखेतही जपानी शिकवतात. रियाधच्या किंग सौद विद्यापीठातही जपानीची सोय आहे. या विभागांतल्या प्राध्यापकांना विचारलं, तर कोणता माजी विद्यार्थी आज दुभाष्याचं काम करतो हे बहुधा समजतं. विद्यार्थी मात्र घेऊ नका, कितीही हुशार असला तरी. विषय रुग्णांच्या सुरक्षेचा आहे.

दुसरा साठा तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांचा, आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर जपानमध्ये अभियांत्रिकी किंवा वैद्यकशास्त्र शिकलेले अरब पदवीधर आहेत. अलेक्झांड्रियाजवळ इजिप्त–जपान विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. काहिरा विद्यापीठाचं अबू अल-रीश इथलं बालरुग्णालय जपानच्या मदतीने १९८३ मध्ये सुरू झालं आणि तिथले लोक त्याला आजही "जपानी रुग्णालय" म्हणतात. जपानच्या जायका या सहकार्य संस्थेने परदेशी तंत्रज्ञांना उपकरणांची देखभाल शिकवली आहे. अशा अभ्यासक्रमांत भाषेची बाजू सांभाळणारे समन्वयक असतात. अरबी गटांसाठी हे काम केलेली व्यक्ती सापडली, तर तिने पाना, मल्टिमीटर आणि अलार्मचे कोड यांच्यामध्ये उभं राहून दुभाष्याचं काम केलेलं असतं. असा अनुभव प्रमाणपत्रांतून कळत नाही.

तिसरी वाट व्यापारी संस्थांची. जेट्रो या जपानच्या सरकारी व्यापार-प्रोत्साहन संस्थेची कार्यालयं काहिरा, दुबई आणि रियाधमध्ये आहेत. मध्यपूर्वेशी सहकार्यासाठी जपानमध्ये १९७३ पासून एक स्वतंत्र केंद्र आहे. ते तुम्हाला दुभाषी नेमून देतील अशी अपेक्षा ठेवू नका, पण याआधी कोणाला बोलावलं होतं हे विचारायला हरकत नाही. दुबईत वर्षाच्या सुरुवातीला भरणारं आणि अनेक वर्षं अरब हेल्थ नावाने ओळखलं गेलेलं वैद्यकीय प्रदर्शन, तसंच नोव्हेंबरात ड्युसेलडॉर्फला भरणारं मेडिका, यांतल्या जपानी कंपन्यांच्या स्टॉलवर कोण दुभाषी आहे ते पाहा. तिथे दहा मिनिटं उभं राहून ऐकलं तरी माणसाचा अंदाज येतो. त्याच कारणाने या प्रदर्शनांच्या आठवड्यात कोणी मोकळं सापडत नाही, म्हणून तारखा त्याआधी किंवा नंतर धरा.

एक सोपी वाट टाळा. वितरकाच्या कार्यालयात दोन्ही भाषा येणारा कर्मचारी असतो आणि तो लगेच तयार होतो. प्रशिक्षणात त्याची मदत जरूर घ्या. पण बिघाडाची चौकशी किंवा दराची बोलणी असतील तर तो एका बाजूचा माणूस आहे. त्याने प्रामाणिकपणे काम केलं तरी समोरच्याला तसं वाटत नाही.

पायरी ५: प्रमाणपत्रं नीट वाचा

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-१ ही सर्वांत वरची पातळी. मात्र त्या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासतात, बोलणं नाही. एन-१ म्हणजे दुभाषी, हा अर्थ त्यातून निघत नाही.

जपानचा राष्ट्रीय परवानाधारक मार्गदर्शक-दुभाषी हा पर्यटकांसाठीचा परवाना. त्याची परीक्षा दहा परदेशी भाषांत होते आणि त्यांत अरबी नाही. कोणी अरबीसाठी तो परवाना असल्याचं सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारा. जपानमधल्या वैद्यकीय दुभाष्यांच्या परीक्षाही मुख्यतः इंग्रजी आणि चिनीभोवती फिरतात.

एआयआयसी ही परिषद-दुभाष्यांची जागतिक संघटना १९५३ मध्ये स्थापन झाली. तिच्या वर्गवारीत ए म्हणजे मातृभाषेसारखी भाषा, बी म्हणजे दुभाषी जिच्यात बोलू शकतो अशी दुसरी सक्रिय भाषा, आणि सी म्हणजे जिच्यातून समजून घेतो ती. ऐकणारे जपानी असतील तर जपानी ए आणि अरबी सी असलेली व्यक्ती एका दिशेच्या कामाला पुरते. प्रश्नोत्तरं असतील तर अरबी किमान बी हवी. एजन्सीने पाठवलेल्या माहितीत ही अक्षरं नसतील, तर मागून घ्या.

आयएसओ १८८४१ हे दुभाषी सेवांचं सर्वसाधारण मानक, आयएसओ २१९९८ आरोग्यसेवेतल्या दुभाष्यांसाठीचं. ती सेवा कशी द्यावी हे सांगतात. एखाद्याची जपानी किती पक्की आहे, हे त्यांतून कळत नाही. उपकरणांच्या गुणवत्ता-व्यवस्थेचं आयएसओ १३४८५ वेगळंच. ऑडिटच्या कामासाठी दुभाष्याने ते निदान चाळलेलं असावं.

पायरी ६: अर्ध्या तासाची तोंडी पारख

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. व्हिडिओ कॉल लावा, शक्य असल्यास दोन्ही भाषांचा एकेक जाणकार सोबत घ्या, आणि पुढच्या गोष्टी विचारा.

पहिली: धुणं, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण यांचे शब्द. जपानीत सेन्जो, शोदोकु आणि मेक्किन, तांत्रिक अरबीत तन्झीफ, तत्हीर आणि तअकीम. खरा धोका तिसऱ्या अरबी शब्दात आहे. हात स्वच्छ करायच्या द्रवालाही रोजच्या बोलण्यात याच मूळ शब्दावरून मुअक्किम म्हणतात. परिचारिका म्हणाली, "आम्ही स्कोपचं तअकीम केलं," तर तिने ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) किंवा वायूने निर्जंतुक केलं, की जंतुनाशक द्रवात बुडवलं? चांगला दुभाषी इथे थांबतो आणि "कोणत्या पद्धतीने?" असं विचारण्याची परवानगी मागतो. जो बिनदिक्कत मेक्किन म्हणून पुढे जातो, त्याला आणखी तयारी लागेल.

दुसरी: परवान्याचे तीन जपानी शब्द. जपानमध्ये उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला तोदोकेदे म्हणजे सूचना देणं पुरतं. प्रमाणित निकष ठरलेल्या मधल्या वर्गातल्या उपकरणांना निन्शो म्हणजे नोंदणीकृत त्रयस्थ संस्थेचं प्रमाणन लागतं. सर्वाधिक जोखमीच्या उपकरणांना शोनिन, म्हणजे पीएमडीए या संस्थेच्या छाननीनंतर मिळणारी सरकारी मान्यता लागते. इंग्रजीमार्गे गेलं की हे तिन्ही "रजिस्ट्रेशन" होऊन बसतात आणि अरबीत तस्जील. सौदी अरेबियात अन्न आणि औषध प्राधिकरणाचे वर्ग ए, बी, सी, डी असे आहेत. "आमचं उपकरण सी वर्गातलं" हे ऐकून दुभाष्याने स्वतःच्या मनाने "जपानचा तिसरा वर्ग" असं म्हणता कामा नये. सांगितलं तसं पोचवावं, तुलना तज्ज्ञांनी करावी.

तिसरी: कोसेइ. जपानीत याच उच्चाराचे अनेक शब्द आहेत. कॅलिब्रेशन (प्रमाणाशी ताडून यंत्राचं माप तपासणं) कोसेइ, रचना किंवा कॉन्फिगरेशन कोसेइ, छपाईतलं मुद्रितशोधनही कोसेइ. शिवाय चोसेइ म्हणजे जुळवणी वेगळीच. अरबीत कॅलिब्रेशनला मुआयरा आणि जुळवणीला दब्त. इन्फ्युजन पंपाचं (शिरेतून मोजून औषध सोडणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन केलं की फक्त जुळवणी केली, या फरकावर आख्खी चौकशी फिरू शकते.

चौथी: आकडे. अरबीत पंचवीस म्हणताना मराठीसारखाच पाच आधी येतो आणि वीस नंतर: खम्सा व इश्रून. जपानीत उलट, वीस आधी आणि पाच नंतर: निजू-गो. मोठ्या संख्या तर त्याहून अवघड, कारण जपानी माणूस दहा हजारांच्या गटाने, म्हणजे मानमध्ये मोजतो. दहा लाखांना अरबीत मिल्यून, जपानीत ह्याकु-मान म्हणजे शंभर मान. दहा कोटींना एक ओकु. आपल्याला लाख-कोटींतून मिलियनमध्ये जाताना जो क्षणभर विचार करावा लागतो, तोच दुभाष्याला दर वाक्यात करावा लागतो. भरभर वीस आकडे वाचून दाखवा, दशांश, टक्के आणि एककांसकट. तो कागद-पेन घेऊन बसला तर आनंद माना, आकडे लिहून घेणं हीच व्यावसायिक सवय आहे. रक्तातल्या साखरेचं एककही विचारा. एके ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीकडे मिलिमोल प्रति लिटर, आणि दोन्हींत साधारण अठरा पटींचा फरक. दुभाष्याने मनात गुणाकार करायचा नाही. आकडा आणि एकक जसंच्या तसं पोचवायचं.

लिहिलेल्या आकड्यांबद्दलही इथेच सांगतो. पूर्वेकडच्या अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं गोल. हाताने लिहिलेल्या सर्व्हिस नोंदवहीत हा फरक न कळणाऱ्याला पन्नास कोणते आणि पाच कोणते हे समजणार नाही.

पाचवी: वाक्यरचना. अरबीत क्रियापद बरेचदा सुरुवातीला येतं आणि नकार त्याच्याही आधी. जपानीत मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी आणि नकारही तिथेच. म्हणून समांतर दुभाष्याला, म्हणजे बोलणं चालू असतानाच दुसऱ्या भाषेत सांगणाऱ्याला, "नको" हा शब्द ऐकल्यापासून वाक्य संपेपर्यंत डोक्यात धरून ठेवावा लागतो. "हा जोड पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि झाकण न लावता साठवू नका" अशी तीन वाक्यं सलग ऐकवा आणि तिन्ही नकार-होकार बरोबर येतात का पाहा.

या सगळ्यात तो एकदा तरी "हा शब्द मला माहीत नाही, सांगाल का?" असं म्हणाला, तर ती जमेची बाजू समजा. सगळं येतं म्हणणाऱ्यापेक्षा मी अशा माणसाला आधी निवडतो.

पायरी ७: तयारीचं साहित्य

किमान दोन आठवडे आधी पाठवा. वापराची पुस्तिका, स्लाइड, अलार्मच्या संदेशांची यादी, भागांच्या नावांसह आकृती, मागच्या बैठकीची टिपणं. जपानी उपकरणांचं अधिकृत माहितीपत्र म्हणजे तेम्पु बुन्शो पीएमडीएच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. २०२१ पासून ते मुख्यतः इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच दिलं जातं, म्हणून खोक्यात कागद शोधत बसू नका. उपकरणाचं अधिकृत जपानी सर्वसाधारण नाव त्यातच सापडेल. जपानची नामावली आंतरराष्ट्रीय जीएमडीएन नामावलीवर आधारलेली आहे, त्यामुळे अरब बाजूकडे त्या नामावलीतलं नाव असेल तर दोन्ही बाजू एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत याची खात्री करता येते.

संज्ञासूची दुभाष्यानेच बनवावी असं नाही, सुरुवात तुम्ही करा. चार रकाने पुरेत: अरबी शब्द स्वरचिन्हांसह, इंग्रजी किंवा फ्रेंच, जपानी शब्द कांजीत (चिनी वळणाच्या अक्षरांत) आणि "काना" या उच्चारलिपीत, आणि "आमच्याकडे याला काय म्हणतात". चौथा रकाना सर्वांत उपयोगी, कारण थिएटरमधलं नाव आणि कागदावरचं नाव एक नसतं. रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याला जपानी शल्यविशारद "पेआन" किंवा "कोह्हेर" अशा नावांनी मागतो, तर कागदावर तो कान्शी या वर्गात असतो. अरबी संज्ञांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागाचा एकीकृत वैद्यकीय कोश चांगला आधार आहे. उपस्थितांची नावंही उच्चारासह द्या. जपानी नाव नुसत्या कांजीवरून नेहमी वाचता येत नाही.

आणि शक्य असेल तर दुभाष्याला यंत्रापाशी न्या. अर्धा तास बटणं दाबू द्या, नळी जोडू द्या. पल्स ऑक्सिमीटर पाहायला साधा दिसतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी त्यामागचं तत्त्व १९७४ च्या सुमारास मांडलं. त्यात धमनीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाश आणि स्थिर राहणारा प्रकाश वेगळा करतात, हे एकदा समजलं की "रुग्ण हलला म्हणून वाचन बिघडलं" हे वाक्य दुभाषी शब्दांच्या मागे न धावता अर्थासकट पोचवतो.

पायरी ८: करार आणि तारखा

लेखी ठरवा: दिशा, पद्धत (थांबून-थांबून की समांतर), तास, अर्धा दिवस की पूर्ण, जादा वेळ, प्रवास, मुक्काम, काम रद्द झालं तर काय. ध्वनिमुद्रण करणार असाल तर त्याची परवानगी घ्या. गोपनीयतेचा करार साहित्य पाठवण्याआधी करा. समांतर कामाला दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात. एकाच माणसाकडून दिवसभर समांतर काम करून घेण्याचा विचार सोडून द्या, थकलेला मेंदू आधी आकडे चुकवतो.

जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला नेमत असाल, तर तिच्या निवास-परवान्यात हे काम बसतं का ते विचारा. विद्यार्थ्यांना परवानगीनेही आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते.

तारखांचं गणित: रियाध आणि टोकियोत सहा तासांचा फरक, दुबई आणि टोकियोत पाच. सौदीत आणि इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणजे सौदी आणि जपान यांचे समान कामाचे दिवस सोमवार ते गुरुवार एवढेच. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात कामाचे तास कमी होतात. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सलग सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण टाळा.

पायरी ९: प्रत्यक्ष दिवशी

दुभाष्याला बसवा तिथून बोलणाऱ्याचं तोंड आणि यंत्राचा पडदा दोन्ही दिसले पाहिजेत. समोरच्याशी थेट बोला, "त्याला सांगा की" अशी सुरुवात करू नका. दोन वाक्यांनंतर थांबा. आकडे, मॉडेल क्रमांक आणि तारखा फळ्यावर लिहा. नमाजाच्या आणि जेवणाच्या वेळा आधीच वेळापत्रकात धरा. दुभाष्याच्या विश्रांतीच्या वेळी त्याच्याशी कामाचं बोलू नका.

सुरक्षेचे मुद्दे दुभाष्याला कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही सांगा. एमआरआयच्या खोलीत कानातले रिसीव्हर, मायक्रोफोन, फोन आणि चाव्या नेता येत नाहीत. तिथलं स्पष्टीकरण बाहेर उभं राहून करावं. सी-आर्म (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र) चालू असेल तर दुभाष्यालाही शिशाचा अॅप्रन हवा, आणि ती गर्भवती असेल तर तिने त्या खोलीत जाऊ नये. थिएटरमध्ये मास्कमुळे आवाज दबतो आणि ओठ दिसत नाहीत, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना शिकवण्याऐवजी आधी किंवा नंतर शिकवता येईल का ते पाहा. काही रुग्णालयं बाहेरच्या माणसाकडून लसीकरणाचे कागद मागतात. स्त्री-रुग्णांच्या विभागात स्त्री दुभाषी हवी का, हेही आधी विचारून घ्या.

जपान १०० व्होल्टवर चालतो, पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. इजिप्तमध्ये २२० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, सौदीत ६० हर्ट्झ. यंत्र बसवण्याच्या बैठकीत हे आकडे हमखास निघतात. संज्ञासूचीच्या वर ते लिहून ठेवा.

बैठकीत उपकरणाबाबत एखाद्या बाजूने होकार दिल्यासारखं वाटलं, तर दुभाष्याकडून अर्थ काढून घेऊ नका. "कोणत्या तारखेपर्यंत, कोण करणार?" असं समोरच्यालाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बिघाडाच्या चौकशीत तर दिवसअखेरीस दोन्ही भाषांतलं टिपण वाचून दाखवून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. दुभाष्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, ते त्याचं काम नाही.

काम संपल्यावर त्याच आठवड्यात तीन गोष्टी करा: साहित्य परत घ्या किंवा नष्ट केल्याचं लेखी मागा, बैठकीत दुरुस्त झालेले शब्द संज्ञासूचीत भरा, आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या. दुरुस्त सूचीची एक प्रत दुभाष्यालाही पाठवा. पुढच्या वेळी त्याच मॉडेलचं प्रशिक्षण निघालं की आधी त्यालाच तारीख विचारा.